मधुसूदनरावांचं मत

पेन हातोहात फिरत मधुसूदनरावांपर्यंत आला आणि टेबलाभोवतीची बडबड आपोआप थांबली.

नागपूरच्या मनीषनगरात चिन्मयीच्या फ्लॅटवर महिन्यातल्या एका रविवारी सकाळी शाईच्या पेनांचे शौकीन जमायचे. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं अंथरलेली असायची. त्यांवर शाईच्या दौती, जुनेनवे पेन, बोटं पुसायला फडकी, आणि शाई उडणार नाही अशा बेतानं लांब ठेवलेल्या तर्री-पोह्यांच्या प्लेटा. कुणी नवा पेन आणला की प्रत्येकानं त्यानं चार ओळी लिहून बघायच्या आणि काय वाटलं ते सांगायचं. मधुसूदनराव पांढरीपांडे सगळ्यांत शेवटी बोलायचे. असं कुणी ठरवलेलं नव्हतं. पण ते बोलल्यावर आणखी बोलण्यासारखं काही उरायचं नाही, म्हणून तसं पडत गेलं होतं. पाटबंधारे खात्यात त्यांची सगळी नोकरी साहेबांचे मसुदे तपासण्यात गेली होती. खोट दिसली की बोट तिथं गेल्याशिवाय राहायचं नाही.

आजचा पेन लाकडी होता, आणि तो ज्यानं केला तो माणूस समोरच बसला होता. प्रीतम बागडे. इंदोऱ्यात राहायचा, एका फर्निचरवाल्याच्या कारखान्यात खरादीवर, लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, काम करायचा. दिवाणांचे पाय, झुल्याचे दांडे, देव्हाऱ्याचे खांब. घरांची आतली सजावट करून देणारी चिन्मयी कामानिमित्त तिथं गेली असताना तिला त्याच्या खिशाला हा पेन दिसला. कुठून घेतलास म्हणून विचारलं, तर त्यानं स्वतःच केला म्हणून सांगितलं. तिनं त्याला तिथल्या तिथं रविवारचं आमंत्रण दिलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तो खुर्चीच्या अगदी टोकावर बसला होता. पोह्यांना त्यानं हात लावला नव्हता.

सगळ्यांना पेन आवडला होता. अपूर्वनं, जो एका संगणक कंपनीत होता आणि ज्याच्याकडे परदेशी पेनांचा पेटारा होता, खिडकीतल्या उजेडात पेन धरून त्याचे फोटो काढले. धातूचा पेन हातात घेतला की आधी गार लागतो, मग बोटांशी ओळख होते. हा घेतल्या क्षणापासून ओळखीचा वाटतो, असं तो म्हणाला. चिन्मयीनं सगळ्यांना लाकडाच्या रेषा दाखवल्या. टोपणावर सुरू झालेली काळसर रेष खाली दांडीवर तशीच उतरत होती, मध्ये जोड आहे हे कळतसुद्धा नव्हतं. शाळेतून निवृत्त झालेल्या यमुताईंच्या बोटांना कायम घाम यायचा. त्यांनी पानभर लिहिलं, आणि इतकं लिहून पेन निसटला नाही याचंच त्यांना अप्रूप वाटलं.

मधुसूदनरावांनी टोपण फिरवून काढलं. ते थोडं अडखळलं, मग सुटलं. त्यांनी आत पाहिलं. टोपण बसवायचे आटे थेट लाकडातच कापलेले होते. आतून धातूची किंवा कसलीच नळी नव्हती. टोपणाचं तोंड त्यांनी अंगठ्याच्या पेराखाली फिरवलं. एका बाजूला ते किंचित दबलं होतं. गोल होतं, पण पुरतं गोल राहिलं नव्हतं. त्यांनी पेन नाकाशी नेला. बाकीच्यांना वाटलं, ते लाकडाचा सुवास घेताहेत. वास हिरवा होता. शिसम अजून मुरलेलं नव्हतं.

पूर्वी त्यांनी एका प्रदर्शनातून हौसेनं एक लाकडी पेन घेतला होता, तोही असाच. आत निबेचा ओलावा, बाहेर नागपूरचं ऊन. पहिल्याच उन्हाळ्यात तो टोपणाच्या तोंडापासून उलला होता. आता सप्टेंबर चालू होता, हवेत दमटपणा होता, म्हणून हा पेन नीट दिसत होता. मे महिन्यात त्याचं काय होणार हे मधुसूदनरावांना हातातल्या पेनाइतकं स्पष्ट दिसलं.

ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं, आणि समोर चिन्मयीचा चेहरा दिसला. ती हसत होती, पण डोळे त्यांच्यावर रोखलेले होते.

कारण होतं. पावसाळ्याच्या सुरुवातीला हिमानी नावाची एक मुलगी पहिल्यांदाच आली होती. आपली अक्षरं दाखवायला मोठ्या कागदावर तिनं एक श्लोक लिहून आणला होता. मधुसूदनरावांनी तो बघितला आणि म्हणाले की अक्षर सुरेख आहे, पण हे तुमचं अक्षर नाही, कुणाचं तरी उचललेलं आहे. बोलले ते खरंच होतं. मुलीनं कागदाची गुंडाळी केली, पाण्याचा ग्लास संपवला आणि निघून गेली, ती परत आली नाही. त्या दिवशी चिन्मयी त्यांना खाली फाटकापर्यंत सोडायला आली होती. काका, लोक इथं चार घटका आनंदासाठी येतात, एवढंच ती म्हणाली.

घरी त्यांनी हे मधुवंतीला सांगितलं. मधुवंती त्यांची मुलगी, बँकेत होती, प्रताप नगरच्या घरी त्यांच्यासोबतच राहायची. ती आपली बाजू घेईल अशी त्यांची अपेक्षा होती. तिनं भाजी चिरता चिरता म्हटलं, "बाबा, तुमच्यापुढे काही ठेवायचं म्हणजे भीती वाटते. आईलाही वाटायची."

आईला वाटायची, हे त्यांना ठाऊक नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, आता विचारायचं कुणाला? रात्रीचं ताट तिनं पुढं ठेवलं की ती जरा वेळ उभी राहायची. ते त्यांना प्रेम वाटत आलं होतं.

म्हणून या रविवारी मधुसूदनरावांनी टोपण परत बसवलं, पेन वर्तमानपत्रावर अलगद ठेवला आणि म्हणाले, "छान. हातात बसतो. मला आवडला."

टेबलाभोवती एक सुटकेचा हशा झाला. काकांना आवडला म्हणजे बघायला नको, असं अपूर्व म्हणाला आणि त्यानं तिथल्या तिथं स्वतःसाठी एक करायला सांगून टाकला. यमुताईंनी नातीसाठी सांगितला. मधुसूदनरावांनीही एक सांगितला, मधुवंतीचं नाव कोरून. प्रीतम सगळ्यांकडे बघून हसत होता, मान डोलवत होता. पण मधूनच त्याची नजर मधुसूदनरावांवर येऊन थांबायची, काहीतरी राहिलं आहे असं वाटणाऱ्या माणसासारखी.

निघताना लिफ्टपाशी तो त्यांच्या मागोमाग आला.

"काका, एक इचारू का?"

"विचारा ना."

"आनखी काही दिसलं का तुमाले? काही कमीजास्त असन तं सांगून टाका. मले वाईट नाही वाटनार."

लिफ्ट वर येत होती. दाराच्या फटीतून उजेडाची पट्टी सरकली. मधुसूदनरावांना वाटलं, आता सांगावं. पण आत सगळ्यांसमोर आवडला म्हटलं आणि इथं कोपऱ्यात खोट काढली, तर ते चिन्मयीच्या कानावर जाणारच. आणि खरं म्हणजे त्यांना बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी लोक त्यांच्या बोलण्यावर हसले होते, पाणी पिऊन उठून गेले नव्हते.

"नाही हो," ते म्हणाले. "चांगलं काम करून राहिले तुम्ही. असंच चालू ठेवा."

प्रीतमनं हात जोडले.

* * *

दिवाळीनंतर गोष्टी भराभर घडल्या. अपूर्वच्या शाळेच्या तुकडीला पंचवीस वर्षं होत होती. सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांनी मिळून आपल्या शिक्षकांना शाईचा एकेक लाकडी पेन द्यायचा, त्यावर शिक्षकांची नावं कोरायची, असं अपूर्वनं ठरवलं. त्यानं प्रीतमच्या पेनाचे फोटो सगळीकडे पाठवले आणि फोटोखाली लिहिलं की आमच्या मंडळातल्या सगळ्यांत कडक परीक्षकानंही याला पास केलं आहे. मधुसूदनरावांनी ते वाचलं आणि मोबाइल उलटा करून ठेवला.

पेन बरेच होते आणि मुदत जानेवारीची. कारखान्याचं काम सांभाळून ते होण्यासारखं नव्हतं. प्रीतमनं मालकाला सांगून काम सोडलं आणि घरामागच्या पत्र्याच्या खोलीत स्वतःची छोटी खरादी बसवली. डिसेंबरच्या बैठकीला तो आला तेव्हा बायकोलाही घेऊन आला. प्रीती नाव तिचं. ती लाजत सगळ्यांना सांगत होती की आधी घरात भुसा येतो म्हणून ती चिडायची, आता तीच पेनांना मेण लावून देते, त्यातलं तिला आता चांगलं कळायला लागलं आहे. यमुताईंनी तिला जवळ बसवून घेतलं.

मधुसूदनरावांनी त्या महिन्यात बोलायचा प्रयत्न केला नाही असं नाही. त्यांनी एकदा मुद्दाम फोन लावला. प्रीतमनं उचलल्या उचलल्या काका म्हणून इतक्या आनंदानं हाक मारली, मागून खरादीचा आवाज येत होता, की त्यांनी आपल्या पेनाची चौकशी केली, तब्येतीचं विचारलं आणि ठेवून दिला. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली. माणूस लाकडातच वाढलेला आहे, त्याला का कळत नसेल? या वेळी त्यानं मुरलेलं लाकूड घेतलंही असेल. आपला एक पेन उलला म्हणून सगळेच उलतील असं थोडंच आहे? मसुदे तपासताना असली समजूत त्यांनी कुणाची चालू दिली नसती.

डिसेंबरच्या त्याच बैठकीला हिमानी परत आली होती. चिन्मयीनंच तिला फोन करून बोलावलं होतं, काका आता पहिल्यासारखे राहिले नाहीत म्हणून. तिनं नवा कागद आणला होता. मधुसूदनरावांनी तो हातात धरून छान, फारच छान असं म्हटलं. मुलगी हसली, आभार मानले आणि कागद यमुताईंकडे नेला. यमुताईंना मात्र तिनं बराच वेळ एकेक अक्षर दाखवून काय वाटतं ते विचारलं. मधुसूदनरावांना तिनं परत काही विचारलं नाही. तेव्हा त्यांच्या ते लक्षात आलं, पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

जानेवारीत कार्यक्रम थाटात झाला. म्हाताऱ्या शिक्षकांच्या खिशाला नाव कोरलेले पेन लागले. मंचावर प्रीतमलाही बोलावून शाल दिली, त्याचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर आला. शाल खांद्यावर कशी घ्यायची ते न कळल्यासारखा तो ती दोन्ही हातांनी धरून उभा होता.

* * *

एप्रिल संपता संपता ऊन डोक्यावर आलं आणि मे लागल्यावर तर दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसेना. घरोघरी कूलर घरघरायला लागले. मधुसूदनरावांना कूलरच्या ओल्या हवेनं सर्दी व्हायची, म्हणून त्यांच्या खोलीत फक्त पंखा चालायचा. एका दुपारी हिशेब टिपायला त्यांनी प्रीतमचा पेन उचलला तर टोपण फिरेना. जरा जोर लावला, आणि टोपणाच्या तोंडापासून एक बारीक रेष वर सरकली. लाकडातल्या इतर रेषांसारखीच ती दिसत होती. त्यांनी तिच्यावर नख फिरवलं तेव्हा नख आत अडकलं.

ते कितीतरी वेळ तो पेन घेऊन बसून राहिले. मधुवंती बँकेतून आली, दिवा लावला, काय झालं म्हणून तिनं विचारलं. त्यांनी तिला पेन दाखवला आणि सप्टेंबरमध्येच हे दिसलं होतं, असं सांगितलं. तिनं पेन हातात घेऊन ती रेष पाहिली. मग म्हणाली की मी असं कधी म्हटलं नव्हतं बाबा, की खरं बोलू नका. तिचं बरोबर होतं. ती तसं म्हणाली नव्हती.

नवतपा, मेअखेरचे ते नऊ तापते दिवस, लागला आणि ग्रुपवर फोटो यायला लागले. एका सरांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशाखाली निळा डाग पसरला होता. एका बाईंच्या पेनाचं टोपण मधोमध दुभंगलं होतं, नेमकं त्यांच्या नावातून. अपूर्वचा संताप अनावर झाला. शाळेच्या सगळ्या मित्रांत त्याची शोभा झाली होती. त्यानं इंग्रजीत लांबलचक लिहिलं, त्यात फसवणूक हा शब्द होता, आणि ते पेनशौकिनांच्या बाहेरगावच्या ग्रुपांतही टाकलं, मुंबई-बंगळूरपर्यंत. चिन्मयीनं त्याला शब्द मागं घ्यायला लावला, पण तोवर तो सगळीकडे पोचला होता.

प्रीतमनं ग्रुपवर एकच ओळ लिहिली. सगळ्यांचे पेन मी स्वतः घरी येऊन परत नेईन, तसदीबद्दल माफी असावी.

* * *

तो प्रताप नगरला आला तेव्हा भर दुपार होती. डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, शर्ट पाठीला चिकटलेला. खांद्याच्या पिशवीत गोळा केलेले पेन एकमेकांवर वाजत होते. मधुसूदनरावांनी त्याला आत घेतलं, माठातलं पाणी दिलं, पन्हं करून आणलं. तो पाणी प्यायला. पन्हं त्यानं तसंच समोर ठेवलं.

पेन परत द्यायला मधुसूदनराव तयार नव्हते. तो माझ्याकडेच राहू द्या, माझी काही तक्रार नाही, असं ते पुन्हापुन्हा म्हणत राहिले. प्रीतमनं हात पुढं धरून ठेवला होता. शेवटी त्यांनी पेन आणून दिला. त्यानं तो उजेडात धरला, उललेल्या रेषेवरून अंगठा फिरवला, टोपणाच्या तोंडावरून फिरवला, आणि मग त्याचा अंगठा तिथंच थांबला. सप्टेंबरमध्ये मधुसूदनरावांचा थांबला होता त्याच जागी.

"तुमाले दिसलं होतं ना, काका?"

मधुसूदनरावांना नाही म्हणता आलं असतं. प्रीतमच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते आणखी सोपं होतं.

"हो," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी."

"मंग बोलले काहून नाही?"

त्यांनी सांगायला सुरुवात केली. हिमानीचं सांगितलं, चिन्मयी काय म्हणाली ते सांगितलं, घरच्यांचं सांगितलं. सांगता सांगता त्यांनाच ते लांब लांब जाताना ऐकू येऊ लागलं, एखाद्या लंगड्या मसुद्यासारखं, आणि ते मध्येच थांबले. प्रीतम खाली बघत ऐकत होता.

"चिन्मयी मॅडमनं मले बोलावलं तेव्हाच सांगितलं होतं," तो म्हणाला. "का तिथं एक काका येते, ते भल्याभल्यायच्या चुका काढते, तू मनावर घेऊ नको. म्हणून तं मी आलो होतो. बाकीचे चांगलंच म्हणतीन, हे मले मालूम होतं. मले सोताले त्या लाकडाची शंका होती. मालवाला म्हने जुनं हाय, पन खरादीवर चढवलं तं वास येगळा आला. खाटेच्या पायाले चालते तसं, मोठं लाकूड सांभाळून घेते. पेनाचं मले मालूम नव्हतं. मंग तुमी पन चांगलं म्हनले, तं मले वाटलं माह्याच मनात खोट हाय."

पंखा फिरत होता. माफ करा हे शब्द मधुसूदनरावांना त्या क्षणी फार हलके वाटले.

"कारखान्यात परत घेतील ना?" त्यांनी विचारलं.

घेणार नव्हते. त्याच्या जागी दुसरा माणूस लागला होता. प्रीतमनं पेन पिशवीत टाकला, दुपट्टा पुन्हा तोंडाला बांधला. दारात त्याला काहीतरी आठवलं. तो मागं आला, उभ्याउभ्यानंच पन्ह्याचा ग्लास संपवला, आणि प्रीती पण असंच करते, गूळ जास्त टाकून, असं सांगून जिना उतरला.

* * *

पावसाळाभर मधुसूदनराव बैठकीला गेले नाहीत. गुडघ्याचं कारण त्यांनी सांगितलं. ग्रुपवर नव्या पेनांचे फोटो येत, लोक मतं सांगत, कुणीतरी काका तुम्हाला काय वाटतं म्हणून विचारी, आणि ते काही लिहीत नसत. अपूर्वचा राग हळूहळू निवला होता. तो आता एका जपानी पेनाबद्दल भरभरून लिहीत होता. लाकडी पेनाचं नाव कुणी काढत नव्हतं.

दसऱ्यानंतर त्यांनी एका जुन्या लाकडांच्या दुकानात जाऊन मोडलेल्या चौकटीचा सागवानी तुकडा विकत आणला. दुकानात त्यांनी कितीतरी तुकडे नाकाशी धरून पाहिले. हा हातभर तुकडा इतका वाळलेला होता की त्यावर टकटक केली तर खणखणीत वाजायचा. तो कापडी पिशवीत घालून ते ऑटोनं इंदोऱ्याला गेले. प्रीतीनं त्यांना ओळखलं, आत बसा म्हणाली. पत्र्याची खोली रिकामी होती. तिथं आता दोरीवर कपडे वाळत होते. प्रीतम कळमन्याला असतो, तिनं सांगितलं. संत्र्याच्या पेट्या ठोकायला.

कळमन्याच्या बाजारात हंगाम ऐन भरात होता. जमिनीवर संत्र्यांचे ढीग, त्यांच्यात भाताचं तणस, गाड्यांचे भोंगे, लिलावाचा पुकारा. विचारत विचारत ते एका शेडच्या मागं पोचले. तिथं लाकडी पट्ट्यांच्या राशी लागल्या होत्या आणि काही माणसं उकिडवी बसून पेट्या ठोकत होती. प्रीतम त्यांच्यातच होता. दातांत खिळे धरले होते. मधुसूदनरावांना बघून त्यानं खिळे हातात काढून घेतले आणि उठून उभा राहिला, एका उपड्या पेटीवर त्यांना बसायला जागा केली.

त्यांनी पिशवीतून लाकूड काढून त्याच्या हातात दिलं. त्यानं ते उलटंपालटं करून पाहिलं, बोटाच्या पेरानं वाजवलं, नाकाशी नेलं.

"चांगलं हाय," तो म्हणाला. "मुरलेलं हाय."

मधुसूदनरावांनी मग भरभर बोलून टाकलं. पुन्हा सुरू करा. मी रोज येऊन बसेन, काय चुकतं ते सांगेन, एकही गोष्ट सोडणार नाही. आधी एकच करा, वर्षभर वापरून बघू, मगच कुणाला द्यायचा. चिन्मयीशी मी बोलतो. त्यांचा आवाज चढला होता. शेजारच्या एकानं हातोडी थांबवून वर पाहिलं.

प्रीतमनं सगळं ऐकून घेतलं. खरादी त्यानं विकली होती. पण ते त्यानं नंतर सांगितलं. आधी तो म्हणाला, "आता मन नाही लागत, काका."

हे बोलताना त्याचा चेहरा अगदी साधा होता. त्यानं लाकूड पिशवीत परत ठेवलं. मग बाजूच्या ढिगाशी जाऊन, वजनाच्या माणसाला सांगून, चारपाच संत्री दाबून, देठ बघून निवडली आणि तीही पिशवीत, लाकडावर ठेवली. मधुवंतीताईले द्या, म्हणाला. तिची भेट त्याला कधी झालेली नव्हती. मधुसूदनरावांनी पेनावर कोरायला तिचं नाव दिलं होतं, तेवढंच.

"रविवारी कधी येऊन जात जा बैठकीला," मधुसूदनराव म्हणाले. "नुसते बसायला."

"रविवारी इथं लय काम असते."

तो पुन्हा खाली बसला. चार पट्ट्या जुळवल्या, खिळे ठोकले, पेटी उभी केली. हमाल जिथं हात घालून उचलतात त्या फटीच्या कडेवरून त्यानं तळवा फिरवला. लाकडाचं एक कुसळ तळव्याला लागलं. त्यानं खिशातून काचेचा तुकडा काढला, ती कड खरवडून सारखी केली, परत तळवा फिरवला आणि पेटी राशीत सरकवली. बाकीचे ठोकत होते आणि फेकत होते. त्यानं पुढच्या पट्ट्या घेतल्या.

तो वर बघेल म्हणून मधुसूदनराव पिशवी धरून जरा वेळ उभे राहिले. मग पेट्या न्यायला हमालांची रांग आली, पुढचा हमाल आजोबा सरका म्हणाला, आणि ते बाजूला झाले.